‘हिंदू’ ठरवला गेलेला खेळाडू : विल्मेथ सिदत-सिंग
(थ्रेड)

१/ २३ ऑक्टोबर १९३७. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सिरॅक्यूज आणि मेरीलँड या विद्यापीठांचा फुटबॉल सामना होता. सिरॅक्यूजचा सर्वांत भरवशाचा खेळाडू तंदुरुस्त असूनही त्या दिवशी खेळू शकला नाही. तोवर वर्तमानपत्रे त्याला ‘हिंदू’ म्हणत आली होती. सामन्याच्या तोंडावर तो कृष्णवर्णीय असल्याचे छापून आले होते.

२/ त्याचा जन्म १९१८ साली वॉशिंग्टनमध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. जन्मनाव विल्मेथ वेब. वडील एलायस वेब औषधविक्रीच्या व्यवसायात होते. विल्मेथच्या लहानपणीच ते वारले. आई पॉलीन यांनी पुढे सॅम्युएल सिदत-सिंग या भारतीय वंशाच्या डॉक्टरांशी विवाह केला. त्यांनी विल्मेथला दत्तक घेतले आणि आपले आडनाव दिले.

३/ कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थायिक झाले. शाळेत असताना विल्मेथने बास्केटबॉलमध्ये नाव कमावले आणि त्या खेळाच्या बळावर १९३५ मध्ये त्याला सिरॅक्यूज विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे रॉय सिमन्स या साहाय्यक प्रशिक्षकांनी त्याला विद्यार्थ्यांच्या आपसातील सामन्यात फुटबॉल खेळताना पाहिले आणि विद्यापीठाच्या संघात येण्याचा आग्रह धरला.

४/ येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आज त्या खेळात चेंडू लांबवर अचूक फेकण्याची जबाबदारी ‘क्वार्टरबॅक’वर असते. १९३०च्या दशकातील व्यूहरचनेत ती बहुधा हाफबॅककडे असे. सिदत-सिंग नावाने हाफबॅक होता. पण आजच्या प्रेक्षकाला त्याच्या कामात क्वार्टरबॅकच दिसला असता.

५/ त्याचा वर्ण सावळा आणि आडनाव ‘सिंग’. वृत्तपत्रांनी त्याला ‘हिंदू’ ठरवले आणि विद्यापीठाने तो समज चालू दिला. त्या काळच्या अमेरिकेत कोणत्याही धर्माच्या भारतीयाला सर्रास ‘हिंदू’ म्हटले जाई. भगतसिंग थिंद हे शीख. पण १९२३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही ‘हिंदू’ म्हणून ‘गोऱ्यां’तून वगळले आणि नागरिकत्व नाकारले.

६/ म्हणजे जो शब्द नागरिकत्वाचे दार बंद करत होता, तोच शब्द फुटबॉलच्या मैदानाचे दार उघडत होता. याचे कारण एका अलिखित संकेतात आहे. दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध खेळण्यास नकार देत आणि उत्तरेतील विद्यापीठे आपल्या अशा खेळाडूंना निमूटपणे बाजूला ठेवत. या व्यवहाराला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे नाव होते.

७/ हा प्रकार अपवादात्मक नव्हता. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात मिशिगन विद्यापीठाने विलिस वॉर्ड या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला असेच वगळले होते. त्याच संघात जेराल्ड फोर्ड होते. तेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

८/ सिदत-सिंगची खरी ओळख छापली ती सॅम लेसी या कृष्णवर्णीय पत्रकाराने, ‘वॉशिंग्टन ट्रिब्यून’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात. मेरीलँडने त्याच्याविरुद्ध खेळण्यास नकार दिला. सिरॅक्यूजने सामना सोडून देण्याऐवजी आपला खेळाडू सोडला. निकाल : मेरीलँड १३, सिरॅक्यूज ०.

९/ लेसी यांनी हे लिहायला हवे होते का? त्या बातमीने एका तरुणाचा सामना गेला, हे खरे. पण खोट्या ओळखीखाली मिळालेल्या प्रवेशाने वर्णभेदाचा नियम मोडत नव्हता. तो फक्त झाकला जात होता. याच लेसी यांनी पुढे बेसबॉलमधील वर्णभेदाविरुद्ध वर्षानुवर्षे लेखणी चालवली. माझ्या मते त्या दिवशीचा दोष सत्य छापणाऱ्याचा नव्हता. सत्य कळताच मान तुकवणाऱ्यांचा होता.

१०/ १९३८ मध्ये बलाढ्य कॉर्नेलविरुद्ध सामना हातचा गेल्यासारखा वाटत असताना सिदत-सिंगने अखेरच्या टप्प्यात एकामागून एक अचूक पास फेकले आणि सिरॅक्यूजने १९–१७ असा विजय खेचून आणला. ग्रँटलंड राइस यांच्यासारख्या ख्यातनाम क्रीडालेखकाने त्याची प्रशंसा केली. त्याच हंगामात मेरीलँडचा संघ सिरॅक्यूजला आला. या वेळी सिदत-सिंग मैदानात होता. निकाल : ५३–०.

११/ १९३९ मध्ये तो पदवीधर झाला. पण व्यावसायिक फुटबॉलचा मार्ग बंद होता. १९३३ च्या हंगामानंतर १९४६ पर्यंत राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. तो बास्केटबॉलकडे वळला आणि हार्लेमच्या ‘रेन्स’ या नामांकित कृष्णवर्णीय संघाकडून खेळला. नंतर वॉशिंग्टनमध्ये त्याने पोलीस दलात नोकरी केली.

१२/ दुसऱ्या महायुद्धात तो टस्किगी येथे वैमानिक झाला. सैन्यही वर्णानुसार विभागलेलेच होते. टस्किगीचे वैमानिक कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र तुकड्यांतून लढले. ९ मे १९४३ रोजी मिशिगनमधील सेल्फ्रिज तळावरून सराव-उड्डाण करताना विमानाचे इंजिन बिघडले. त्याने ह्युरॉन सरोवरावर हवाई छत्रीसह उडी घेतली आणि तो बुडाला. मृतदेह काही आठवड्यांनी सापडला. वय अवघे २५. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्याचे दफन झाले.

१३/ २००५ मध्ये सिरॅक्यूजने त्याचा बास्केटबॉलमधील १९ क्रमांक कायमचा राखून ठेवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन्ही विद्यापीठे पुन्हा मेरीलँडच्या मैदानावर भिडली, तेव्हा मेरीलँडने १९३७ च्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. मधे ७६ वर्षे गेली होती.

१४/ नोंदवहीत तो सामना १३–० एवढाच आहे. कोण खेळले नाही आणि का, हे त्या आकड्यांत दिसत नाही. बातमीच्या आधी आणि नंतर सिदत-सिंगचा वर्ण तोच होता, हात तोच होता, पास तितकाच अचूक होता. बदलला होता तो त्याला लावलेला एक शब्द. वर्णभेद डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर चालतो असे आपण समजतो. तो किती प्रमाणात कागदावरच्या नावावर चालत होता, हे त्याच्या कारकिर्दीतून समजते.