ग्लिनची दलदल आणि खासगी धक्के

सिडनी लॅनिअर (1842–1881) या अमेरिकी कवीची ‘द मार्शेस ऑफ ग्लिन’ ही कविता 1878 मध्ये प्रसिद्ध झाली. जॉर्जिया राज्याच्या ग्लिन काउंटीतील खाऱ्या दलदली हा तिचा विषय. लॅनिअर स्वतः बासरीवादक होता; त्यामुळे या कवितेची चर्चा बहुधा तिच्या नादाच्या अंगाने होते. परंतु भूमीच्या इतिहासातही तिला एक स्थान आहे. दलदल म्हणजे रोगट, निरुपयोगी, भराव टाकून बुजवावी अशी जागा, हा समज रूढ असताना या कवीने तिच्यात एक अखंड, मोकळा विस्तार पाहिला. पुढच्या शतकात वाद झाला तो नेमका या अखंडतेवरून.

कवीची दृष्टी निर्दोष होती असे मात्र नाही. याच किनाऱ्यावरील नद्यांच्या मुखांशी भरतीच्या पाण्यावर भातशेती उभी राहिली, ती गुलामांच्या श्रमांवर. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या लॅनिअरच्या दलदलीत ही माणसे दिसत नाहीत. म्हणजे ती ‘मोकळी’ होती ती पाहणाऱ्याच्या नजरेत. हे लक्षात ठेवूनही मान्य करावे लागते की, जमीन तुकड्यांत न पाहता सलग पाहण्याची सवय या कवितेने लावली.

कोकणातील खाजणाचे हे दूरचे भावंड. खारफुटीऐवजी येथे स्पार्टिना नावाचे उंच गवत असते आणि भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन ते अडीच मीटरांचा. जॉर्जियाचा किनारा जेमतेम शंभर मैलांचा. पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर उरलेल्या खाऱ्या दलदलींपैकी सुमारे एक तृतीयांश एवढ्या पट्ट्यात आहेत. सापेलो बेटावर 1953 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र सुरू झाले. युजीन ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दाखवून दिले की, कुजणारे गवत, चिखलातील जिवाणू, खेकडे, कोळंबी आणि मासे ही एकच साखळी असून भरती-ओहोटी तिला चालना देते. कवीला जे सलग दिसले होते, त्याचा सलगपणा आता मोजता येऊ लागला.

या ज्ञानाची कसोटी लवकरच लागली. 1968 मध्ये केर-मॅकगी या कंपनीने किनाऱ्यावर फॉस्फेटच्या खाणीचा प्रस्ताव मांडला. त्याला तीव्र विरोध झाला. ब्रन्सविकचे आमदार रीड हॅरिस यांनी विधेयक आणले आणि 1970 मध्ये गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या स्वाक्षरीने किनारी दलदलींच्या संरक्षणाचा कायदा अस्तित्वात आला. दलदलीत भर घालणे, खोदणे, बांधणे यांसाठी परवाना आवश्यक झाला.

या कायद्यात एक सवलत मात्र आहे. खांबांवर उभारलेला, खालचे गवत नष्ट न करणारा, व्यापारी उपयोग नसलेला खासगी धक्का या परवान्यातून वगळलेला आहे. राज्याचा रद्द करता येण्याजोगा अनुज्ञापरवाना आणि संघीय अभियंता दलाची मान्यता तेवढी लागते. सवलतीमागचा विचार समजण्यासारखा आहे. ज्याचे घर खाडीकाठी, त्याला आपल्या होडीपर्यंत जाण्यास चार फळ्या लागणारच. पण काळाबरोबर धक्क्याचा अर्थ बदलला. पाण्यापर्यंतची वाट होती, तिथे छत, बैठक, होडी उचलण्याचे यंत्र आले. दलदलीवरून शेकडो फूट जाणारी लाकडी वाट आली. या फळ्यांच्या सावलीत गवत विरळ होते. एका धक्क्याखालची पट्टी नगण्य असते. खाडीच्या दोन्ही काठांवर घरागणिक धक्का उभा राहिला की ती नगण्य राहत नाही. कायदा एका मोठ्या शत्रूसाठी रचला गेला होता. असंख्य लहान मालकांची बेरीज करण्याची सोय त्यात नव्हती.

मालकीचा प्रश्न याहून जुना आहे. सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा यांना सर्वांची समाईक मालमत्ता म्हटले. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1640 च्या दशकात काठच्या मालकाला ओहोटीच्या रेषेपर्यंत हक्क दिला, तो धक्के बांधले जावेत म्हणून. परंतु मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन यांचा सार्वजनिक हक्क राखून ठेवला. तेव्हाचा धक्का गावाच्या व्यापाराचे साधन होता. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या ‘स्टेट विरुद्ध ॲशमोर’ निकालात भरती-ओहोटीच्या रेषांमधील किनारा राज्याचा असल्याचे मान्य केले. मोठ्या खासगी धक्क्याला विरोध करणारे याच परंपरेत उभे आहेत: होडीपर्यंत पोहोचण्याचा हक्क मान्य आहे, पण जनतेच्या जमिनीवर दिवाणखाना मांडण्याचा नाही.

हा विचार आपल्यालाही परका नाही. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ (1996) या बियास नदीकाठच्या हॉटेलाच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारले. त्यासाठी रोमन कायद्याचा आणि शिकागोच्या सरोवरतळाविषयीच्या 1892 च्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला.

तत्त्वाची उणीव कोठेच नाही. उणीव आहे ती मोजमापाची. प्रत्येक अर्ज सुटा तपासला जातो आणि सुटा असताना प्रत्येक अर्ज निरुपद्रवी ठरतो. म्हणून धक्क्याची लांबी, रुंदी आणि छप्पर यांवर मर्यादा हवीच. त्याहून आवश्यक आहे ते एका खाडीवरील सगळ्या धक्क्यांचा एकत्र हिशेब मांडणे. खाणीने दलदल एका घावात गेली असती आणि ते सर्वांना दिसले असते. धक्क्यांनी ती फळीफळीने जाते आणि प्रत्येक फळीकडे परवाना असतो.