केल्डिशचा बोगदा: लेसरने फुटणाऱ्या अणूचा इतिहास

१/ ऑक्टोबर २०२३. पिएर अगोस्तिनी, फेरेन्स क्राउस व ॲन लुइलिए यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. कारण होते ॲटोसेकंदांचे प्रकाशस्पंद. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश. या यशाचा पाया मात्र १९६४ साली मॉस्कोत घातला गेला होता. 🧵

२/ आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतानुसार एक प्रकाशकण एका इलेक्ट्रॉनला मुक्त करतो. प्रकाशकणाची ऊर्जा अपुरी असेल, तर प्रकाश प्रखर करूनही उपयोग नाही.

३/ १९३० साली ग्योटिंगेन येथे मारिया ग्योपर्ट यांनी प्रबंधात मांडले, की अणू दोन प्रकाशकण एकदम शोषू शकतो. पडताळ्यासाठी लागणारा प्रखर प्रकाश तेव्हा नव्हता. तो १९६० मध्ये लेसरने दिला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाकीत खरे ठरले.

४/ १९६४. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतील ३३ वर्षांचे लिओनिड केल्डिश यांनी पुढचा प्रश्न विचारला: प्रकाशाचे विद्युतक्षेत्रच अणूतील बंधनाइतके प्रबळ झाले तर? मग इलेक्ट्रॉनला अडवणारी ऊर्जेची भिंत वाकून पातळ होते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून जणू बोगद्याने निसटतो.

५/ अनेक प्रकाशकण शोषून सुटणे आणि बोगद्यातून निसटणे, ही एकाच प्रक्रियेची दोन रूपे आहेत, हे केल्डिश यांनी दाखवले. कोणते रूप प्रकटेल, हे एका गुणोत्तरावरून ठरते. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

६/ १९६५ मध्ये वोरोनोव व देलोने यांनी माणिक-लेसरने झेनॉनचे अणू आयनीभूत केले. त्या लाल प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, झेनॉनला हव्यात १२.१. म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे सात प्रकाशकण!

७/ १९७९ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे अगोस्तिनी व सहकाऱ्यांना गरजेपेक्षा एक प्रकाशकण अधिक शोषलेले इलेक्ट्रॉन आढळले. १९८५ मध्ये स्ट्रिकलंड व मुरू यांनी लेसरस्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आकुंचित करण्याची युक्ती शोधली. प्रखर, अतिजलद लेसर आवाक्यात आले.

८/ १९९३ मध्ये कॅनडाचे पॉल कॉर्कम यांनी या घटनांचा क्रम उलगडला. इलेक्ट्रॉन बोगद्यातून सुटतो, दूर फेकला जातो, क्षेत्राची दिशा उलटताच परतून आयनावर आदळतो आणि उच्च ऊर्जेचा प्रकाश उत्सर्जित होतो. याच प्रकाशातून २००१ मध्ये ॲटोसेकंद-स्पंद मोजले गेले. पहिली पायरी केल्डिश यांचीच.

९/ केल्डिश २०१६ मध्ये निवर्तले. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. कॉर्कम यांना २०२२ चे वुल्फ पारितोषिक लुइलिए व क्राउस यांच्यासोबत मिळाले. नोबेल मात्र तिघांपलीकडे जात नाही, आणि ते चौथे ठरले.

१०/ म्हणून विज्ञानाचा इतिहास केवळ पारितोषिकांच्या यादीवरून वाचू नये. ज्या पायरीवर उभे राहून २०२३ चे यश मिळाले, ती रचणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही.