ख्रिसमस जॅम : मैफलीतून उभी राहणारी घरे

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ॲशव्हिल हे ब्लू रिज पर्वतराजीत वसलेले एक टुमदार शहर. डिसेंबरमध्ये, नाताळच्या दोन-तीन आठवडे आधी, येथील बंदिस्त क्रीडागृहात हजारो रसिक एका मैफलीसाठी जमतात. सायंकाळी सुरू झालेले वादन मध्यरात्र उलटून गेल्यावरही थांबत नाही. व्यासपीठावरील नामवंत कलावंत आपली कला विनामूल्य सादर करतात आणि जमलेला निधी गरजू कुटुंबांच्या घरबांधणीसाठी जातो. 'ख्रिसमस जॅम' या नावाने ही मैफल ओळखली जाते.

सुट्टीवर आलेल्यांची बैठक

या उपक्रमाचे प्रवर्तक वॉरेन हेन्स हे मूळचे ॲशव्हिलचेच. १९६० मध्ये जन्मलेले हे गिटारवादक आणि गायक १९८९ मध्ये 'ऑलमन ब्रदर्स बँड' या ख्यातनाम वाद्यवृंदात दाखल झाले. १९९४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'गव्हर्न्मेंट म्यूल' हा स्वतंत्र बँड स्थापन केला.

वर्षभर दौऱ्यांवर असणारे स्थानिक वादक नाताळच्या सुट्टीतच काय ते घरी परततात. तेव्हा सर्वांनी एकत्र येऊन वाजवावे आणि त्यातून जमतील ते चार पैसे एखाद्या चांगल्या कामाला द्यावेत, एवढ्याच हेतूने १९८८ मध्ये ॲशव्हिलमधील एका लहान क्लबमध्ये पहिली बैठक झाली. पुढे हेन्स यांचा लौकिक वाढला, त्यांचे देशभरातील मित्र निमंत्रणावरून येऊ लागले आणि क्लबची जागा अपुरी पडून मैफल शहराच्या मोठ्या सभागृहात गेली.

जॅम बँड म्हणजे काय?

'जॅम' म्हणजे पूर्वनियोजनाविना एकत्र वाजवणे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात उदयास आलेला 'ग्रेटफुल डेड' आणि १९६९ मध्ये फ्लोरिडात स्थापन झालेला 'ऑलमन ब्रदर्स बँड' हे या परंपरेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. रॉक, ब्लूज, जॅझ आणि लोकसंगीत यांच्या मिश्रणातून घडलेल्या या शैलीत गाण्याचे शब्द आणि चाल हा केवळ मुखडा असतो. खरी बढत त्यानंतर सुरू होते. चार-पाच मिनिटांचे गाणे वीस मिनिटांपर्यंत रंगते आणि तेच गाणे दुसऱ्या दिवशी वेगळ्याच वाटेने जाते. त्यामुळे एकाच बँडच्या अनेक मैफलींना हजेरी लावणारा निष्ठावान श्रोतृवर्ग तयार झाला. मैफलीचे ध्वनिमुद्रण करून ते इतर रसिकांना मोफत देण्याची मुभाही 'ग्रेटफुल डेड'ने श्रोत्यांना दिली होती.

हिंदुस्थानी संगीताशी या परंपरेचे नाते केवळ तुलनेपुरते नाही. 'ग्रेटफुल डेड'चे तालवादक मिकी हार्ट आणि मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले. त्यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेला १९९२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

रात्र कशी रंगते?

'ख्रिसमस जॅम'ला जाणाऱ्या श्रोत्याला कोणते बँड येणार हे आधी ठाऊक असते. कोण कोणासोबत वाजवेल, हे मात्र त्या रात्रीच उलगडते. एका बँडचे वादन चालू असताना दुसऱ्याचा गिटारवादक अचानक मंचावर येतो, नजरेनेच इशारे होतात आणि सवाल-जवाब सुरू होतात. यजमान हेन्स रात्रभर या ना त्या बँडसोबत दिसत राहतात. २०१८ मध्ये तिसावा सोहळा दोन रात्री रंगला. त्या वेळी 'फू फायटर्स'चे डेव्ह ग्रोल यांनी 'प्ले' ही आपली वीस मिनिटांहून दीर्घ वाद्यरचना साथीदारांसह सादर केली होती. क्रीडागृहातील मुख्य मैफलीखेरीज शहरातील लहान क्लबमध्ये दिवसाही कार्यक्रम होतात. मैफलीसाठी आलेले काही रसिक घरबांधणीच्या जागेवर जाऊन हातात हातोडाही घेतात.

पैसा कोठे जातो?

गेली अनेक वर्षे मैफलीचा निधी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या ॲशव्हिल शाखेला दिला जातो. आतापर्यंतची ही रक्कम २० लाख डॉलरहून अधिक आहे. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याने १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यात स्थापन केलेली ही संस्था घरे फुकट वाटत नाही. लाभार्थी कुटुंबाने बांधकामावर ठरावीक तास श्रमदान करायचे आणि परवडणाऱ्या हप्त्यांनी कर्ज फेडायचे, अशी तिची पद्धत आहे. फेडीचा पैसा पुढील घरांसाठी वापरला जातो. त्यामुळे एका रात्री जमलेला निधी एका घरापाशी संपत नाही.

ही संस्था महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी शंभर घरांच्या उभारणीत भाग घेतला होता.

पुरानंतरचा प्रश्न

ॲशव्हिल हे पर्यटकांचे शहर. मात्र पर्यटनामुळे जागांचे भाव चढत गेले आणि उपाहारगृहे, हॉटेले व दुकानांत राबणाऱ्यांना त्याच शहरात घर घेणे दुरापास्त झाले. त्यात २७ सप्टेंबर २०२४ रोजी 'हेलेन' चक्रीवादळाच्या पावसाने नद्यांना महापूर आला. कलावंतांच्या कार्यशाळा असलेला नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला आणि नळाला पिण्यायोग्य पाणी पुन्हा येण्यास सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूरग्रस्तांसाठी मोठी मैफल झाली. तिच्या आयोजनात हेन्स अग्रभागी होते आणि त्यांच्याच 'सोलशाइन' या गाण्याचे नाव तिला देण्यात आले होते.

तथापि, अशा मैफलींची मर्यादाही स्पष्ट आहे. २०१९ मध्ये 'ख्रिसमस जॅम'ला विश्रांती देण्यात आली आणि त्यानंतर कोविडच्या साथीमुळे खंड लांबला. मैफल परतली ती २०२२ मध्ये. घराची गरज मात्र मैफल नसलेल्या वर्षीही तशीच राहते. म्हणूनच या उपक्रमाचे खरे बळ त्यातील विभागणीत आहे. मंचावरचे सारे उत्स्फूर्त, तर मंचामागचा हिशेब काटेकोर. रात्री काय वाजेल याचा नेम नसला, तरी जमलेल्या पैशाचे काय होणार हे प्रत्येक श्रोत्याला तिकीट घेतानाच ठाऊक असते.