मागितले १००, मिळाले १०४

मंडळी, सी भाषेत मेमरी हवी असेल तर मॅलॉकला सांगायचं, "१०० बाइट दे." तो देतो फक्त एक पत्ता. पण ६४-बिट लिनक्सवर, जीलिबसीमध्ये, त्या पत्त्यावर वापरता येतील असे १०४ बाइट असतात. जेमॅलॉक नावाचा अ‍ॅलोकेटर तर १०२५ मागितले की १२८० देतो! कारण रेडिमेड शर्टासारखं आहे: मापं ठरलेली, तुमच्या मापाच्या वरचं जवळचं मिळणार. फक्त हा दुकानदार कुठलं माप दिलं ते सांगत नाही. मग १०२५ बाइट भरले की आपण नवी जागा मागतो, सगळा डेटा तिकडे कॉपी करतो. आणि २५५ बाइट तिथेच रिकामे!

हे असं का झालं? १९७५ च्या सहाव्या युनिक्सच्या कर्नलमध्येही मॅलॉक होता, पण जागा परत करताना आकार आपणच सांगायचा. १९७९ च्या सातव्या युनिक्सच्या लायब्ररीत मात्र फ्रीला नुसता पत्ता पुरे, हिशोब अ‍ॅलोकेटर ठेवणार. प्रोग्रामरची केवढी सोय! पण त्यासोबत खरा आकारही पडद्याआड गेला. १९८९ मध्ये सीचं स्टँडर्ड आलं आणि हाच करार पक्का झाला.

मग मागच्या दाराने चौकशी सुरू झाली. विंडोजमध्ये एमसाइझ, मॅकवर मॅलॉक साइझ, जीलिबसीत मॅलॉक युजेबल साइझ. आधी घ्या, नंतर विचारा. यातली गोम २०२२ मध्ये उघड झाली. सिस्टमडी असंच विचारून जादा बाइट वापरत होतं. पण जीसीसी १२ कंपायलरच्या नव्या, कडक तपासणीच्या लेखी जागा मागितली तेवढीच. त्यापुढे लिहिताय? प्रोग्राम बंद! खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण करार एक आणि वापर दुसराच.

म्हणजे आकार सांगायचा तर तो देतानाच सांगायला हवा. जेमॅलॉकने २०१० च्या सुमारास अ‍ॅलॉकएम हे प्रायोगिक फंक्शन आणून तसं केलं होतं. पुढे त्याच्या जागी कमी पॅरामीटरवालं, सुटसुटीत फंक्शन आलं आणि देतानाचं उत्तर पुन्हा गेलं. शेवटी सी++२३ मध्ये अ‍ॅलोकेट अ‍ॅट लीस्ट आलं: "निदान एवढं दे," म्हणा, पत्ता आणि खरी संख्या दोन्ही एकत्र मिळतात.

उत्तर अ‍ॅलोकेटरकडे पहिल्या दिवसापासून होतं. ते परत द्यायला इंटरफेसमध्ये जागाच ठेवली नव्हती, एवढंच. पुढच्या वेळी एपीआय लिहाल तेव्हा बघा बुवा, तुमचं फंक्शन काय गिळून बसलंय ते.