पायाचा दगड

बी.एड.च्या परीक्षेत 'वर्धा शिक्षण योजना' यावर टीप लिहा, हा प्रश्न हमखास यायचा. आम्ही मुद्दे पाठ केले होते. मातृभाषेतून शिक्षण, हस्तोद्योग, स्वावलंबन, सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण. शेवटी समितीच्या अध्यक्षांचे नाव लिहायचे, डॉ. झाकिर हुसेन. मार्क मिळाले, डिग्री मिळाली आणि मी उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवीच्या वर्गासमोर उभी राहिले. त्या वर्गातल्या काही मुलांना हरफाला हरफ जोडून साधा शब्द वाचता येत नव्हता. मला पाठ टाचण काढता येत होते, फलकलेखन येत होते. पण दहा वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवायचे, हे मला कुणी शिकवलेच नव्हते. ज्या विद्यापीठाने मला शिक्षिका म्हणून शिक्का मारून दिला, त्याचे माझ्या पाचवीच्या वर्गाशी नाते काय? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे असावे असे लिहिले गेले. आपल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये सरली. १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे 'सर्वांसाठी शिक्षण' हे जगाचे ध्येय ठरले, त्यासाठी २००० साल धरले. २००० मध्ये सेनेगलमधील डाकार येथे मुदत २०१५ वर गेली आणि २०१५ मध्ये २०३० वर. मधल्या काळात २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. गोरगरिबांच्या मुलांची नावे शाळेच्या पटावर आली, ही लहान गोष्ट नव्हे. पण पटावर नाव असणे वेगळे आणि हातातले पुस्तक वाचता येणे वेगळे. हे अंतर शिक्षकच पार करून देतो, आणि शिक्षकाला शिकवणारे लोक विद्यापीठात तयार होतात. म्हणून विद्यापीठाला या कामातून अंग काढून घेता येत नाही.

उत्तर शोधता शोधता मी पुन्हा त्या टिपेतल्या शेवटच्या नावापाशी आले. या वेळी परीक्षेसाठी नव्हे.

झोपडीतले विद्यापीठ

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. असहकार आणि खिलाफतीचे ते दिवस होते. सरकारी मदतीवरचे कॉलेज सोडून बाहेर पडलेल्या तरुणांत तेवीस वर्षांचे झाकिर हुसेन होते. मौलाना मुहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू झाले, हकीम अजमल खान पहिले कुलपती. खिलाफतीची चळवळ ओसरली तसा पैशाचा झराही आटला. १९२५ मध्ये संस्था दिल्लीला करोलबागेत आली. १९२६ मध्ये झाकिर हुसेन जर्मनीतील शिक्षण संपवून परतले. त्यांच्यासोबत आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे दोन मित्र होते. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हकीमसाहेबांचा इंतकाल झाला आणि जामिया पोरकी झाली. तेव्हा काही शिक्षकांनी प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढाही पगार पुष्कळदा हातात पडत नसे.

इतक्या तंगीत एखाद्या विद्यापीठाने काय केले असते? आधी कॉलेज वाचवले असते आणि लहान मुलांचे वर्ग बंद केले असते. जामियाने तसे केले नाही. तिथे कॉलेजाच्या जोडीने प्राथमिक शाळा होती आणि तिच्याकडे दुय्यम काम म्हणून पाहिले जात नव्हते. अब्दुल गफ्फार मुधोळी यांच्यासारखा उस्ताद या शाळेत आयुष्यभर रमला. मुलांची बँक, मुलांचे दुकान अशा उपक्रमांतून तिथे हिशेब आणि व्यवहार शिकवला जाई. 'पयामे तालीम' हे मुलांचे मासिक जामियातून निघे. बर्लिनमध्ये झाकिर हुसेन यांची ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाई दिल्लीला आल्या आणि जामियाच्या बालवाडीत राबल्या. मुलांनी त्यांना 'आपाजान' केले. १९४३ मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानातच विसावल्या. खुद्द कुलगुरू मुलांसाठी गोष्टी लिहीत. 'अब्बू खाँ की बकरी' आपल्यापैकी किती जणांनी शाळेत वाचली असेल! ती लिहिणारा माणूस पुढे देशाचा राष्ट्रपती झाला, हे मुलांना सांगितले की ती अजून डोळे विस्फारतात.

झाकिरसाहेबांची एक आठवण जामियात सांगितली जाते. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ते मिठाई वाटत होते. शिपायाने कानात सांगितले की त्यांची लहान मुलगी गेली. त्यांनी वाटप थांबवले नाही. मुलांचा आनंद का मोडायचा, एवढाच त्यांचा विचार होता. आई म्हणून मला ही आठवण सोसत नाही. पण त्या शाळेला त्यांनी काय मानले होते, ते तिच्यातून कळते.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या वास्तूचा पाया घातला गेला. देशात नामवंत पुढाऱ्यांची वाण नव्हती. पण पायाचा दगड बसवला तो संस्थेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने.

वर्ध्याची हाक

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा, हा गांधीजींचा विचार होता. समोर खुद्द महात्मा, आणि तरीही झाकिर हुसेन यांनी मान डोलावली नाही. कामातून शिकवणे शिक्षणशास्त्राला नवे नाही, असे त्यांनी सांगितले. कमाईवर जोर दिला तर शिक्षक मुलांकडून राबवून घेईल, हा धोकाही दाखवला. गांधीजींनी समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा होते, तसेच अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य ख्वाजा गुलामुस सय्यदैनही होते. २ डिसेंबर १९३७ ला अहवाल तयार झाला.

मी तो मुद्दाम वाचला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिलेली पाहून आज आपण दचकतो. पण आर्थिक बाजूपायी शिक्षणाचा हेतू मारला जाईल, असा इशारा त्याच अहवालात आहे. शिक्षकासाठी तीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण सुचवले आहे. जामियाने नुसता सल्ला देऊन हात झटकले नाहीत. १९३८ मध्ये तिने 'उस्तादों का मदरसा' काढला आणि प्राथमिक शाळांचे शिक्षक स्वतः घडवायला घेतले. त्याच वर्षी शफीकुर्रहमान किदवाई यांनी प्रौढांच्या तालीमसाठी वेगळी शाखा उभी केली. विद्यापीठाचे काम मला इथे दिसते. विचार तपासावा, चूक तोंडावर सांगावी आणि मग त्याच विचारासाठी माणसे तयार करावीत.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने आलेल्या या योजनेला मोठा विरोध मुसलमानांतूनच झाला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालाने तिच्यावर टीका केली. अभ्यासक्रमात धर्मशिक्षण नव्हते, उर्दूचे काय होणार ही धास्ती होती. मध्य प्रांतात सरकारी शाळांना 'विद्या मंदिर' हे नाव दिल्याने संशय वाढला. ही भीती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण राजकारणाच्या धुरळ्यात प्राथमिक शाळेचा प्रश्न मागे पडला, आणि शाळेबाहेरचे मूल शाळेबाहेरच राहिले. झाकिरसाहेबांना दोन्ही बाजूंचे टोमणे सोसावे लागले.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा निघाल्या, पण पुष्कळ ठिकाणी चरखा कोपऱ्यात राहिला आणि पाटी जुनीच राहिली. तीन वर्षांचे शिक्षण घेतलेला शिक्षक कुठून आणायचा होता? १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने याच दुखण्यावर बोट ठेवले. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासूनही तुटले आहे आणि शाळांपासूनही, असे आयोगाने म्हटले. या आयोगात सय्यदैन सदस्य होते आणि आपले जे. पी. नाईक सचिव. वर्ध्याचा धागा इथवर पोहोचला होता. त्यालाही आता साठ वर्षे होतील.

माझ्या वर्गात

मी बी.एड.ला सराव पाठ घेतले ते निवडक वर्गांवर, हुशार मुलांना पुढे बसवून. निरीक्षक मागच्या बाकावर बसत, शेरा लिहीत आणि निघून जात. एकाही मुलाला पहिल्या हरफापासून पहिल्या वाक्यापर्यंत नेण्याचे काम आम्हाला दिले गेले नाही. दिले असते तर पाचवीतल्या त्या मुलांसमोर मी इतकी गोंधळले नसते. त्यांना मी शेवटी वाचायला शिकवले, पण शाळा सुटल्यावर, चाचपडत, पहिलीच्या बाईंना विचारून विचारून. दोघांना ते वर्ष संपेपर्यंत जमले नाही. त्यातला एक पुढे गॅरेजवर लागला.

आपल्या समाजात आता विद्यापीठाची मागणी होते, कॉलेजे निघतात, उद्घाटने होतात. आनंद आहे. पण जे कॉलेज निघेल त्याने आपल्या आवारात किंवा आपल्या मोहल्ल्यात एक प्राथमिक शाळा आपली मानावी. तिथे प्राध्यापकांनी जावे, बी.एड.च्या मुलामुलींनी वर्षभर एका मुलाचा हात धरावा, पहिलीच्या बाईंना कॉलेजात बोलावून त्यांचे ऐकावे. याला फार पैसा लागत नाही. जामियाकडे तर पैसा नव्हताच.

२०३० साल दाराशी आले आहे. त्यानंतर पुन्हा एखादी परिषद भरेल आणि नवी तारीख ठरेल. तोवर माझ्या पाचवीत जूनमध्ये नवी मुले येतील. ओखल्याला पायाचा दगड बसवताना एका लहान मुलाला पुढे केले होते, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे.