हात सोडवता आला पाहिजे : विजेच्या खेळाचा इतिहास आणि चंद्रपूरची तार

आजच्या धाग्याचा विषय थोडा संकोचाचा आहे. दोन प्रौढ माणसे परस्पर संमतीने, सुखासाठी, विजेचे सौम्य झटके एकमेकांना देतात. त्या खेळाचा, त्याच्या साधनांचा आणि त्यातल्या सुरक्षिततेचा हा इतिहास आहे. असे काही मराठीत लिहावे का, असे ज्यांना वाटेल त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण करून देतो. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कामजीवनावर शास्त्रीय मराठीत लिहिण्याचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आहे.

या इतिहासाकडे मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूने पाहणार आहे. राज्य सरकारच्या मालकीचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र चंद्रपूर शहराला लागून उभे आहे. त्याच जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांभोवती रात्री तारेत वीज सोडली जाते आणि सकाळी त्या तारेला कधी रानडुक्कर, कधी वाघ, कधी शेजारच्या गावचा माणूस चिकटलेला सापडतो. शरीरातून किती वीज, किती वेळ, कोणत्या वाटेने जावी, आणि तिला कोणाची संमती होती, हे प्रश्न इथे दिवाणखान्यातले नाहीत. खेळातल्या आणि शेतातल्या विजेचे उत्तर मात्र एकाच प्रयोगशाळेतून आले. तिथवर टप्प्याटप्प्याने जाऊ.

१७३० साली लंडनमध्ये स्टीफन ग्रे या वृद्ध संशोधकाने एका लहान मुलाला रेशमी दोरांनी आडवे टांगले आणि घासलेली काचेची नळी त्याच्या जवळ नेली. मुलगा विद्युतभारित झाला. त्याच्या चेहऱ्याकडे पितळी वर्खाचे तुकडे उडू लागले. प्रयोग देखणा होता आणि युरोपभर त्याची नक्कल झाली. मुलाला कोणी विचारले असेल असे मानायला मात्र आधार नाही.

१७४० च्या दशकात जर्मनीत विटेनबर्गचा प्राध्यापक गेओर्ग मातियास बोस याने याच करामतीला प्रौढांचे रूप दिले. (आपल्या जगदीशचंद्रांशी याचा काही संबंध नाही.) एक स्त्री राळेच्या किंवा मेणाच्या, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या पाटावर उभी राही. फिरत्या काचेच्या गोळ्यातून तिला भारित केले जाई. मग जमलेल्या पुरुषांपैकी कोणी तिचे चुंबन घ्यायला पुढे झाला, की ओठांना ओठ लागण्याआधीच दोघांमध्ये ठिणगी उडे. हेच ते प्रसिद्ध ‘विद्युत चुंबन’. त्यातला एक बारकावा मला मोलाचा वाटतो. ठिणगी उडताच साठलेला भार संपे आणि दोघेही मोकळे होत. यंत्र पुन्हा फिरवल्याशिवाय दुसरा झटका नाही. त्या काळच्या यंत्राची ऊर्जा इतकी तोकडी होती की सुरक्षितता त्यात आपोआपच आली होती.

लायडनच्या बरणीने ती मोडली. १७४५-४६ मध्ये वीज साठवणारी ही काचेची बरणी निघाली, आणि तिचा झटका बसलेल्या म्युशेनब्रुकने लिहून कळवले की सारे फ्रान्सचे राज्य दिले तरी मी पुन्हा हे करणार नाही. राज्य ज्याचे होते त्या पंधराव्या लुईला मात्र गंमत वाटली. १७४६ मध्ये नोले या पाद्री-शास्त्रज्ञाने राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभे केले व बरणीचा झटका सर्वांतून एकदम पाठवला. सगळे एकाच क्षणी उडाले. पुढे पॅरिसमध्ये सुमारे २०० मठवासी साधूंची साखळी झाली. शिपायाला राजाची आज्ञा, साधूला मठाची. इथेही नकार देण्याची सोय कोणाला होती, हा प्रश्न उरतोच.

याच साखळ्यांमधला एक प्रसंग धानाच्या शेताशी जोडलेला आहे, म्हणून सांगतो. सिगो द ला फाँ या फ्रेंच प्रयोगकर्त्याच्या साखळीत झटका एका माणसापाशी येऊन थांबला. कुजबुज सुरू झाली की त्या माणसात पुरुषत्वाचीच उणीव असणार. मग राजाच्या पदरी असलेल्या खच्ची केलेल्या गायकांना साखळीत उभे करून पाहिले, तर ते सगळे इतरांसारखेच दचकले! शेवटी कारण सापडले ते पायांखाली. जमीन ओली होती आणि वीज माणसाच्या पायातून मातीत उतरून परतीचा सोपा रस्ता धरत होती. ओली जमीन हीच दुसरी तार असते. नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या चिखलातल्या बांधीत अनवाणी उभ्या माणसाला एकच तार का पुरते, याचे उत्तर त्या दरबारी थट्टेत आहे.

प्रणय आणि वीज यांचा बाजार पहिल्यांदा मोठ्या थाटात मांडला तो जेम्स ग्रॅहमने. १७८१ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर त्याने आपली ‘स्वर्गीय शय्या’ ठेवली. काचेचे खांब, चुंबके, अत्तरे, वाद्ये आणि वीज. जोडप्याला एका रात्रीचे भाडे ५० पौंड, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे व्हावेत अशी रक्कम. आश्वासन उत्तम संततीचे. ग्रॅहम लवकरच कर्जबाजारी झाला. त्याच्या मागून एकोणिसाव्या शतकात विजेचे कंबरपट्टे आले, पौरुष परत आणण्याच्या जाहिराती आल्या. त्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरी भर दोन ठिकाणी पडली. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८५० च्या दशकात ओलसर विद्युतअग्र त्वचेवर ठेवून एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला. आणि १८९० च्या सुमारास द’आर्सोंवाल याने पाहिले की प्रवाहाची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलली तर स्नायू आखडत नाहीत. याच उच्च वारंवारितेवर, टेस्लाच्या वेटोळ्याच्या आधाराने, जांभळा उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्यांची घरगुती यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. कशावरही रामबाण म्हणून ती विकली गेली. त्यांचे औषधी दावे कोसळले. नळी राहिली, आणि आज प्रौढांच्या खेळात वापरली जाते.

आता ती प्रयोगशाळा. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल या विद्युत अभियंत्याने एक साधा प्रश्न घेतला. हातात तार धरलेल्या माणसाला ती आपल्या इच्छेने सोडता येईल, असा सर्वाधिक प्रवाह किती? त्यासाठी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया स्वेच्छेने पुढे आल्या. प्रवाह हळूहळू वाढवत नेला. एका टप्प्यावर मूठ आवळणारे स्नायू इतके आखडतात की मन ‘सोड’ म्हणते आणि हात ऐकत नाही. पुरुषांत ही सीमा सरासरी १६ मिलिॲम्पिअर भरली, स्त्रियांत साडेदहा. जुना ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिॲम्पिअर घेतो. म्हणजे एका दिव्याला लागणाऱ्या विजेच्या सोळाव्या हिश्श्याने माणसाच्या हातून त्याची इच्छा निघून जाते. पन्नास ते शंभर मिलिॲम्पिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदयाची लय बिघडून ते थरथरत राहू शकते. डॅल्झिएलने १९६१ मध्ये गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारे साधन तयार केले. आपल्या घरच्या मुख्य फळीवर ३० मिलिॲम्पिअरचा तसा स्विच असेल, तर तो त्याच कुळातला.

‘संमती’ या शब्दाची याहून काटेकोर व्याख्या मला माहीत नाही. संमती ही एकदा देऊन मोकळे होण्याची गोष्ट नाही. ती प्रत्येक क्षणी मागे घेता आली पाहिजे. विजेच्या बाबतीत ही सीमा नीतिशास्त्रात नाही, मिलिॲम्पिअरमध्ये मोजलेली आहे.

एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात ‘श्रीनिवास’ या वाघाची रेडिओ कॉलर सापडली. प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा हा बछडा. नंतर पुरलेला मृतदेह मिळाला. शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने तो मेला होता. अशी तार बहुतेक वेळा थेट वाहिनीवर आकडा टाकून, किंवा घरातल्या जोडणीवरून ओढलेली असते. तीत प्रवाह अखंड असतो. शेतकऱ्याचे नुकसान खोटे नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवतो, आणि नुकसानभरपाईच्या खेपा ज्याने मारल्या त्यालाच तो जाच कळतो. पण अखंड प्रवाहाला डुक्कर, वाघ आणि जागलीला निघालेला माणूस यांतला फरक कळत नाही, आणि तो कोणालाच सोडत नाही.

त्याच धुऱ्यावर दुसरी तारही दिसते. शेतकरी तिला ‘झटका मशीन’ म्हणतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा सौर कुंपणाला अनुदान मिळाले आहे. तिच्यातला दाब हजारो व्होल्टचा, घरच्या विजेच्या कितीतरी पट. तरी ती मारत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिचा एक ठोका एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लांब नसावा, ऊर्जा ठराविक प्रतिरोधावर ५ ज्यूलपेक्षा अधिक नसावी, आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाची उसंत असावी. त्या उसंतीत आखडलेला स्नायू सैल होतो आणि प्राणी मागे सरतो. बोसच्या ठिणगीत जी मोकळीक यंत्राच्या दुबळेपणामुळे होती, ती इथे मुद्दाम घडवलेली आहे. २३० व्होल्ट मारतात आणि आठ हजार व्होल्ट नुसते पळवून लावतात, हे गणित ‘व्होल्ट’ या एकाच शब्दाला घाबरणाऱ्याला कळत नाही.

हेच तत्त्व खेळाच्या साधनांत आले ते दवाखान्यातून. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी वेदनेचा ‘दरवाजा’ सिद्धान्त मांडला. स्पर्श वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना चाळवले तर वेदनेचा निरोप मज्जारज्जूपाशीच अडतो, असा त्याचा आशय. दोन वर्षांनी वॉल व स्वीट यांनी विद्युतअग्र स्वतःच्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूत घालून ते तपासले. त्यातूनच ‘टेन्स’ यंत्र आले, जे आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबरदुखीवर लावतात. त्याचा ठोका काही दशलक्षांश सेकंदांपासून फार तर काहीशे दशलक्षांश सेकंदांचा असतो, म्हणूनच तो गुदगुल्या करतो आणि हाताला जखडत नाही. प्रौढांच्या खेळातली बहुतेक साधने याच यंत्राची भावंडे आहेत.

मग या तीनशे वर्षांतून खेळणाऱ्यांसाठी काय उरते? भिंतीतली वीज शरीराजवळ आणायची नाही. घरी जुळवलेले यंत्र नको, आणि चार्जिंगला लावलेले यंत्र अंगावर नको. बॅटरीवर चालणारे, अंगासाठीच बनवलेले साधन हवे. कित्येक घरांत अर्थिंग नावालाच असते, तिथे हा नियम दुप्पट कडक समजावा. प्रवाहाची वाट कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. एक अग्र एका हाताला, दुसरे दुसऱ्या हाताला, असे केले की हृदय वाटेत येते; मान आणि डोके तर वर्ज्यच. पेसमेकर, हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भारपण असल्यास हा खेळ मुळीच नाही. अग्र पूर्ण पृष्ठाने टेकलेले आणि जेल लावलेले असावे, कारण अग्राची कड उचलली गेली की सगळा प्रवाह टाचणीएवढ्या जागेत एकवटतो आणि चटका देतो. जखमेवर किंवा बधिर त्वचेवर ते लावू नये. सुरुवात शून्यापासून करावी, आणि अग्र हलवण्याआधी यंत्र बंद करावे. जांभळ्या नळीतून खरी ठिणगी उडते, म्हणून स्पिरिट, अत्तर, फवारे दूर. दारू घेतलेल्या माणसाला झटका नीट जाणवत नाही आणि ‘थांब’ही नीट म्हणता येत नाही, तोंड बांधायचे असेल तर हातात टाकून देण्याजोगी वस्तू द्यावी, ती पडली की यंत्र बंद.

अपघात झालाच तर काय करायचे हेही विजेच्याच इतिहासात आहे. तारांवर काम करणारी माणसे मरत होती म्हणून अमेरिकेतल्या वीज कंपन्यांच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कुवेनहोवन हा विद्युत अभियंता हृदयाच्या थरथरण्यावर संशोधन करीत होता. त्याच कामातून छाती न उघडता, बाहेरून दोन्ही हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत १९६० मध्ये जगासमोर आली. नागभीडचे शेत असो की शहरातली खोली, क्रम एकच. चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज तोडायची. मग ११२ ला फोन, श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब, आणि मदत येईपर्यंत तो थांबवायचा नाही.