सूत, रंग आणि केंद्रक

सोलापूरकरांना सुताची ओळख करून द्यावी लागत नाही. रंगातून निघालेल्या लडी, चातीवरचे सूत, मागावरचे उभे-आडवे धागे हे येथील कष्टकऱ्यांचे रोजचे जग होय. जीवशास्त्रातील एक मोठे गूढ याच दोन वस्तूंच्या, रंगाच्या आणि सुताच्या, आधारे उकलले. ती कथा येथे थोडक्यात सांगावी, असे आम्हांस वाटते.

१८३१ साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पेशीतील गोलकास केंद्रक हे नाव दिले. पण नवे केंद्रक येते कोठून? १८३८ साली जर्मनीतील श्लायडेन यांनी सांगितले की, पाकात खडीसाखर जमावी तसे ते पेशीतील रसातून जमते. हे उत्तर चुकीचे होते. परंतु ते खोडून काढणे अवघड होते, कारण पेशीचे अंतरंग पाण्यासारखे पारदर्शक असते.

ती अडचण रंगाऱ्याच्या मालाने दूर केली. १८५६ साली हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणास जांभळा रंग गवसला. त्यातून कापडासाठी अ‍ॅनिलिन रंगांचा उद्योग उभा राहिला आणि शास्त्रज्ञांनी ते रंग पेशींना लावून पाहिले. सोलापुरात १८७७ साली ‘जुनी गिरणी’ सुरू झाली, त्या सुमारास जर्मनीतील कील येथे वाल्थर फ्लेमिंग हे सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी तपाशीत होते. केंद्रकातील एक द्रव्य रंग घट्ट धरून ठेवी. विभाजनाच्या वेळी त्याचे धागे बनत; प्रत्येक धागा उभा दुभंगे; एकेक भाग विरुद्ध टोकांस जाई आणि तेथे दोन कन्या-केंद्रके तयार होत. केंद्रक केंद्रकातूनच जन्मते, हे सिद्ध झाले. वनस्पतींच्या बाबतीत हेच कार्य एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी केले.

१८८२ साली फ्लेमिंग यांनी या क्रियेस ‘मायटॉसिस’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सूत! मराठीतही हे समसूत्री विभाजन, ते धागे म्हणजे गुणसूत्रे, आणि त्यांना दोन टोकांस नेणारी तंतूंची रचना म्हणजे तर्कू, अर्थात आपली चातीच.

याच काळात बेल्जियममधील लुव्हेन येथे जाँ-बाप्तिस्त कार्नोय हे कॅथोलिक धर्मगुरू पेशीविज्ञान शिकवीत होते. १८८४ साली त्यांनी केवळ पेशीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. मद्यार्क, क्लोरोफॉर्म व असेटिक आम्ल यांचे त्यांच्या नावाचे मिश्रण पेशीला आहे त्या अवस्थेत स्थिर करते. आपल्या बाजार समितीत ज्याच्या थप्प्या लागतात, त्या कांद्याच्या मुळांची टोके महाविद्यालयीन विद्यार्थी अशाच द्रावणात ठेवतात, रंगवितात आणि सोळा गुणसूत्रांची वाटणी डोळ्यांनी पाहतात.

ही वाटणी मोठी न्यायाची असते. शेत वाटले की प्रत्येक भावाचा तुकडा लहान होतो. येथे मात्र वाटणीपूर्वीच प्रत्येक गुणसूत्राची जोड प्रत तयार होते. म्हणून दोन्ही कन्या-केंद्रकांना पूर्ण वारसा मिळतो. तान्हे बाळ वाढते, खरचटलेला गुडघा भरून येतो, तो याच क्रियेमुळे.

तिचा आवर सुटला की कर्करोग होतो. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाची वाट ज्या कुटुंबांनी तुडविली आहे, त्यांना याहून अधिक काय सांगावे? पण येथेही ते जुने ज्ञान कामी आले. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टीन हे औषध पेशीतील चाती तयारच होऊ देत नाही. त्यामुळे रोगट पेशींचे विभाजन थांबते. (हे काम तज्ज्ञ डॉक्टरांचे, सदाफुलीची पाने घरी औषध म्हणून कोणी घेऊ नयेत.)

सॅलॅमँडरच्या पेशी रंगविणाऱ्या फ्लेमिंग यांना या औषधाची कल्पनाही नव्हती. त्यांना केवळ खरे काय ते पाहावयाचे होते. आपल्या मुलांच्या हाती सूक्ष्मदर्शक येईल तेव्हा ‘याचा उपयोग काय?’ असे विचारण्याची घाई आपण करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.